कप्पीवरचा हात

फ्लेक्स अकोल्याच्या जावयानेच छापून आणला होता, हे नंतर सगळे सोयीस्करपणे विसरले. दहा बाय सहाचा, चकचकीत. मधोमध काळा चष्मा लावलेला पियुष, भोवती मोहोड आणि गावंडे या दोन्ही घरांतली एकवीस डोकी, आणि वर डाव्या कोपऱ्यात, जिथे एरवी पुढाऱ्याचा फोटो असतो तिथे, फेटा बांधलेले कै. रामरावजी मोहोड. त्यांच्याखाली पिवळ्या ठसठशीत अक्षरांत ‘प्रेरणास्थान’. शेखरने हा मान गेलेल्या सासऱ्यांना प्रेमापोटी दिला होता. तो किती नेमका बसला आहे हे त्या दुपारी एकट्या पियुषला ठाऊक होतं, आणि पियुष चष्म्याआड गप्प होता.

त्याच्या बापाचे, किशोरचे, पाय मात्र जमिनीला लागत नव्हते. गेले पंधरा दिवस ‘आमचा पियुष सिनेमात लिहिते’ हे ऐकल्याशिवाय त्याच्या कृषी केंद्रातून एकाही गिऱ्हाइकाला फवारणीचं औषध मिळालं नव्हतं. सिनेमा कशाबद्दल आहे, हे त्याने पोराला एकदाही विचारलं नाही. हिंदी आहे, त्यात सात मोठे नट आणि दोन मोठ्या नट्या आहेत, सुरुवातीला तीन सेकंद ‘पियुष मोहोड’ असं नाव येतं, एवढ्यावर त्याने रविवारच्या बारा वाजताच्या खेळाच्या बेचाळीस खुर्च्या धरल्या. मग अकोल्याला जाऊन व्याह्यांच्या, महादेवराव गावंड्यांच्या, पाटावर सुपारी ठेवून रीतसर आमंत्रण देऊन आला. लग्नाला बोलावतात तसं सिनेमाला बोलावणारा माणूस अमरावतीत तरी दुसरा झाला नसेल. एका पेपरने सिनेमाला चार तारे दिले होते आणि दुसऱ्याने एक, तोही नटांच्या कपड्यांकडे पाहून. किशोरने चार तारे कापून दुकानाच्या काचेला चिकटवले. दुसऱ्या पेपरात त्याच्या बायकोने, मायाने, कोथिंबीर गुंडाळून ठेवली.

थिएटरच्या पायऱ्यांवर पियुष आजीच्या पाया पडला. मनकर्णाबाईंनी दोन्ही हात पदराखालीच ठेवले आणि “मोठा हो बाप्पा,” एवढं म्हणाल्या. त्यांनी कोणाच्या डोक्यावर हात ठेवलेला अठरा वर्षांत कोणी पाहिला नव्हता. म्हातारीचा खांदा धरलेला आहे, असं सून माया पाहुण्यांना सांगे, आणि किशोरलाही तेच खरं वाटे.

बसायची व्यवस्था किशोरनेच लावली. एका कडेला तो, मग आई, मग बहीण अपेक्षा, मग तिचा नवरा शेखर आणि टोकाला महादेवराव. महादेवराव हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते आणि अजून कुठेही बसले की आधी समोरच्या रांगा मोजत. किशोर त्यांना थोडा भिऊन असे. कारण जुनं होतं. शेखरची वरात मांडवाच्या दारात आली तेव्हा जावयाला ओवाळायला सासू आली नव्हती. ताट घेऊन सून आली होती. त्याचा उल्लेख महादेवराव वर्षातून दोनदा करत, एकदा दिवाळीला आणि एकदा शेखरच्या लग्नाच्या वाढदिवसाला.

दिवे गेले. तीन सेकंद नाव आलं. बेचाळीस खुर्च्यांवरून शिट्ट्या पडल्या आणि मायाने डोळे पुसले.

दहाव्या मिनिटाला पडद्यावरचा डॉन मेला. मुलीच्या लग्नाच्या दिवशी, सकाळी, पलंगावर. किशोरला अजून काही वाटलं नाही. सिनेमात माणसं मरतातच. मग डॉनची बायको, जी देशातली सगळ्यांत महागडी नटी होती, सिगारेट पेटवून म्हणाली, “शादी नहीं रुकेगी. कूलर चला.”

किशोर खुर्चीत पुढे सरकला. कूलरचं वाक्य त्याच्या ओळखीचं होतं.

परतवाड्याच्या रस्त्यावर दोन वर्षांपूर्वी त्याची गाडी पंक्चर झाली होती. स्टेपनीतही हवा नव्हती. बापलेक दोन तास बाभळीखाली बसले होते. पोरगा वर्षभराने घरी आलेला, त्याच्याशी बोलायला काही सुचेना, म्हणून किशोरने ती गोष्ट सांगितली, जी त्याने बायकोलाही कधी सांगितली नव्हती. अपेक्षाच्या लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला त्याचे वडील, अण्णा, गेले. चौदा महिने लकव्याने पडून होते; बोलणं नाही, हातपाय हलणं नाही. वऱ्हाड बाराला येणार होतं. किशोर रडायला लागला तर आईने त्याच्या तोंडावर पदर दाबला आणि म्हणाली, “लग्न थांबत नाई. कूलर लाव.” सुतक सांगितलं असतं तर लग्न मोडलंच असतं, आधीच दोनदा पुढे ढकललं होतं. अकराला नवरी बापाच्या पाया पडायला आली. आई म्हणाली, “झोपले हायेत, उठवू नको.” आणि चादरीखालून अण्णांचा हात काढून तिच्या डोक्यावर ठेवला. संध्याकाळी सातला, नवरीची गाडी अकोल्यात पोचल्यावर, आईने पहिला हंबरडा फोडला.

किशोरने ही गोष्ट बाभळीखाली हसत हसत सांगितली होती. जड गोष्ट हसत सांगायची, हे तो बापाकडूनच शिकला होता. पोरगाही हसला होता आणि दोघांना एकमेकांजवळ आल्यासारखं वाटलं होतं. आता अंधारात त्या हसण्याची त्याला लाज वाटली.

कारण गोष्टीला एक दुसरी बाजू होती आणि ती अपेक्षाजवळ होती. अपेक्षा अठरा वर्षं सगळ्यांना सांगत आली होती की ज्या अण्णांना चौदा महिने बोट हलवता आलं नाही, त्यांनी त्या दिवशी तिच्या डोक्यावरचा हात दाबला. चांगला जोरात दाबला. “माह्यासाठी तेवढी ताकद ठेवली होती त्याईनं,” असं ती म्हणायची. दोन बाळंतपणांत, शेखरची नोकरी सुटली तेव्हा, ती त्या दाबावर उभी राहिली होती. महादेवरावांनी तर त्याचा दाखलाच करून टाकला होता, गावातल्या कोणाच्याही तेरवीला ते सांगत, “मरण असावं तं आमच्या इवायासारखं. लेकीचं लगन पाह्यलं, आशीर्वाद देल्ला आन् मंगच डोये मिटले.”

आणि आता पडद्यावर नवरी आली. डॉनच्या मनगटाला मासे धरायची दोरी बांधली होती. दोरी छताच्या कप्पीवरून मागे गेली होती आणि महागडी नटी पलंगामागे बसून, तोंडात सिगारेट धरून, ती ओढत होती. हात वर गेला. हात हवेत गरगर फिरला. मग धपकन नवरीच्या डोक्यावर पडला आणि तिच्या गजऱ्यात अडकला. नवरी गहिवरून म्हणाली, “पापा ने हाथ रखा!”

सगळं थिएटर फुटलं. पुढची पोरं खुर्च्या बडवत होती. शेखरही मांडीवर थाप मारून हसला, बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. किशोर खुर्चीच्या हातांना धरून बसला होता, आणि त्या सगळ्या गदारोळात त्याला अगदी शेजारून एक हसू ऐकू आलं. कोरडं, घशातून आलेलं, चांगलं मोठं. त्याची आई हसत होती.

अपेक्षाने मान वळवली. पडद्याच्या उजेडात ती आईकडे बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा उतरत गेला. तिला काहीही समजावून सांगायची गरज राहिली नव्हती.

मध्यंतरात शेखर पॉपकॉर्न घेऊन आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. अपेक्षा बाहेर गाडीत जाऊन बसली होती, ती आत आलीच नाही. महादेवराव मात्र शेवटपर्यंत बसले. पैसे कोणाचेही असोत, खेळ अर्धा सोडणं त्यांच्या तत्त्वात नव्हतं.

सुटल्यावर पायऱ्यांवरच दोन तट पडले. पियुषच्या वयाची सगळी म्हणत होती की असा सिनेमा झाला नाही. वडीलधारी म्हणत होती की असा सिनेमा होऊ नये. “सात हिरो घेतले आन् काम कोनाले, तं मुडद्याले!” भातकुलीचा एक चुलतभाऊ ओरडला. पियुष फोनमध्ये बघत होता. तिथेही हेच चाललं होतं, अर्धे त्याला डोक्यावर घेत होते आणि अर्धे शिव्या घालत होते. मोहोडांच्या घरात त्या सिनेमाचं नाव अजून कोणी घेत नाही, ‘तो सिनेमा’ म्हणतात.

घरामागच्या मोकळ्या जागेत गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे गोल रोडगे भाजून तयार होते. पन्नास माणसांची वांग्याची भाजी, वरण, तुपाचा डबा. पंगत मांडलेली, आणि पंगतीला कोणी बसेना. पाहुणे हात धुऊन उभे होते. अपेक्षा गाडीतून उतरून सरळ मागे आली ती आईसमोर जाऊन उभी राहिली. मनकर्णाबाई पाटावर बसून रोडग्याची राख फडक्याने झटकत होत्या.

“माय, अण्णा किती वाजता गेले?”

“संध्याकायी सात वाजता,” किशोर मधेच म्हणाला.

“तुले नाई इचारलं, दादा.”

मनकर्णाबाईंनी रोडगा फोडला. “सकायी सहाले,” त्या म्हणाल्या. इतक्या सरळ, जसं कोणी एसटीची वेळ विचारावी.

माया वरणाचं पातेलं घेऊन येत होती, ती तिथेच थबकली. “म्हंजे मी जवा वरातीले ओवाळाले गेली तवा घरात…” तिने पातेलं खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे वळली. “अठरा वर्स माह्या बाजूले झोपता तुमी. मले नाई सांगतलं. आन् पोराले सांगतलं? त्या पंक्चरच्या दुकानात दोन तास बसले होते, तवाच ना?”

“दुकानात नाई, बाभयीखाली,” किशोर म्हणाला, आणि हे म्हणायची काही गरज नव्हती हे त्याला लगेच कळलं.

“आत्या, ते सगळं काल्पनिक आहे,” पियुष पुढे आला. “सुरुवातीला तसं लिहिलंय पण. आणि मी काही वाईट दाखवलं नाही. लोकांना ते कॅरेक्टर जाम आवडलंय.”

“लोकाईले आवडलं. हाव. हासले ना लोक.” अपेक्षाने भाच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आईशीच बोलत होती. “त्याईचं सोड. तू काहून हासली?”

मनकर्णाबाईंनी रोडग्याचा तुकडा तुपात बुडवला.

“माह्या डोक्शावर मेलेल्या मानसाचा हात ठेवला. ठीक हाये, लगन मोडू नये म्हनून ठेवला. मी तेई समजून घेतलं असतं. अठरा वर्स मी साऱ्याईले सांगून राह्यली, अण्णानं हात दाबला, अण्णानं हात दाबला. तू आयकत होती. एकदाबी नाई म्हनली नाई. आन् आज तू हासली, माय. माह्या बाजूले बसून.”

“त्या बाईले दोरी लागली,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

“काय?”

“सिनेमातल्या बाईले. दोरी लागली. कप्पी लागली.”

याचा अर्थ कोणालाच लागला नाही. किशोरला वाटलं, म्हातारीला वयाचं काही झालं की काय. अपेक्षाने क्षणभर वाट पाहिली. मग ती म्हणाली, “आता मी या घरी पाय ठेवत नाई. दिवायी नाई, राखी नाई. तुह्या तेरवीले येईन का नाई, तेई मले आज मालूम नाई.” आणि ती वळून चालू लागली. शेखर तिच्यामागे धावला, हातात अजून पॉपकॉर्नचा डबा होता.

महादेवराव पाहुण्यांतून पुढे आले. ते रागावले की प्रमाण मराठीत बोलत. “किशोरराव,” ते म्हणाले, “आमच्या घरात सुतकातली सून आणली आपण. सांगण्याचं सौजन्य दाखवलं असतं तर बरं झालं असतं.” आणि न जेवता निघाले. गावंड्यांच्या दोन्ही गाड्या गल्लीतून बाहेर पडल्या. जाताना त्यातल्या एकीचा आरसा फ्लेक्सला घासला आणि रामरावांच्या फेट्याचा एक कोपरा फाटला.

मनकर्णाबाईंनी रोडगा पूर्ण संपवला. अन्न टाकायची त्यांना सवय नव्हती.

त्यानंतर बारा दिवस अपेक्षाने फोन उचलला नाही. मायाने रात्रीची भाकरी ताटात आपटून वाढायला सुरुवात केली. पियुष तिसऱ्याच दिवशी मुंबईला निघून गेला; जाताना म्हणाला, “बाबा, तुम्ही सांगितलं तेव्हा तुम्हीच हसत होता.” पोरगं खोटं बोलत नव्हतं. दुकानाच्या काचेवरचे चार तारे त्याने खरवडून काढले, तरी डिंकाचा डाग राहिलाच.

संक्रांतीला अपेक्षाचा तिळगूळ आला नाही. लग्न झाल्यापासून ती दर संक्रांतीला येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती आईसाठी डबा पाठवायची. मनकर्णाबाई दुपारभर ओसरीत बसून होत्या. चार वाजता त्यांनी किशोरला हाक मारली. “गाडी काढ. अकोल्याले चाल.”

“ते उभं करतीन का आपल्याले?”

“नाई करतीन तं वापस येऊ.”

बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. म्हातारी खिडकीतून तुरीकडे बघत होती आणि कोणाची कापणी झाली, कोणाची राहिली, ते सांगत होती. किशोरला राहवलं नाही. “माय, तवा तुले भेव नाई लागलं? मी कूलरच्या मांगं उभा राहून थरथर कापत होतो.”

“तू कापाले होता ना,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “दोघंबी कापलो असतो तं नवरीले कोनी पाह्यलं असतं?” आणि पुन्हा तुरीकडे वळल्या.

अकोल्यात पोचले तेव्हा फाटक महादेवरावांनीच उघडलं. हातात पेपर, कपाळाला आठ्या. किशोरने मनाची तयारी केली.

“मी तो सिनेमा पुन्हा पाह्यला,” महादेवराव म्हणाले. आज ते वऱ्हाडीत बोलत होते, म्हणजे बरं चिन्ह होतं. “एकटा जाऊन. पयल्यांदा रागात पाह्यला तं मंगचं काई समजलंच नोहोतं. बेकार हाये. एकदम बेकार. पन त्यात एक गोष्ट हाये.” ते मनकर्णाबाईंकडे वळले. “ते बाई वरातीसमोर जात नाई. दारामांगं उभी राह्यते, आन् दुसरीच्या हाती ताट देते. सिनेमावाल्यानं कारन नाई दाखवलं. मी घरी येऊन इचार केला. इहीनबाई, तुमी त्या दिवशी माह्या पोराले ओवाळाले नाई आल्या, ते…”

“मी सहा वाजताच रांडमुंड झाली होती, मास्तर. तशा हातानं नवरदेवाले कसं ओवाळू?”

महादेवराव पेपरची घडी घालत राहिले. घालून झाल्यावर पुन्हा उलगडली. “अठरा वर्स आमी समजलो, तुमचा तोरा हाये. मी किती बोललो या गोष्टीवरून. सांगतलं असतं तं…”

“सांगतलं असतं तं वरात वापस नेली असती तुमी.”

महादेवराव हेडमास्तर असले तरी खोटं बोलत नसत. त्यांनी थोडा विचार केला. “हाव,” ते म्हणाले. “नेली असती.” आणि बाजूला होऊन त्यांनी वाट दिली. “सून मांगच्या खोलीत हाये. तिचं तुमीच पाहा. माह्यासंगबी नीट बोलून नाई राह्यली.”

अपेक्षा पलंगावर मुलांच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आईला पाहून उठली नाही. किशोर दारातच थांबला. आत जायचा त्याला धीर झाला नाही आणि तिथून हलायचाही झाला नाही.

“पानी देऊ का?” अपेक्षाने विचारलं. पाहुण्यांना विचारतात तशा आवाजात.

“नको. बस.” मनकर्णाबाई तिच्यासमोर स्टुलावर टेकल्या. “तू इचारलं, मी काहून हासली. पन्नास लोकाईसमोर सांगता येत नोहोतं. आता सांगतो.”

अपेक्षाच्या हातातली घडी सुरूच होती.

“त्या दिवशी तू आली पाया पडाले. नटलेली, हायद लागलेली. मले वाटलं, इले जवय घ्यावं. डोक्शावर हात ठेवावा, तोंडावरून फिरवावा. माह्या एकुलत्या एक पोरीचं लगन. पन माहा हात आता लावाचा हात राह्यला नोहोता. पाच तास झाले होते मले रांडमुंड होऊन. कुंकू तसंच होतं कपायावर, पन मले मालूम होतं ना. तुले लावला आन् तुह्यं काई वाईट झालं असतं तं?” त्या थांबल्या. “मंग मी त्याईचा घेतला. बापाचा हात हाये, मेला तरी बापाचाच. वरून माहा ठेवला, पदराखालून. तुले दिसला नाई. पन नुसता ठेवून मन भरे ना. म्हनून दाबला.”

घडी थांबली.

“लय जोरात दाबला,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “मले रडू येऊन राह्यलं होतं, ते दाबाले दुसरं काई नोहोतं. मंग तू साऱ्याईले सांगत सुटली, अण्णानं दाबला. मी काहून नाई म्हनू? मले गोड लागे ते आयकाले. कोनाच्या का नावानं असो, तुले पोचला तं होता. आन् त्या सिनेमात पाह्यलं, तं ते बाई, एवढी मोठी, लाखो रुपयाची, तिले दोरी लागली. लांबून ओढत बसली. मले हासू आलं. मनात म्हनलं, येडे, जवय जाऊन दाब ना.”

दारात उभ्या किशोरने चौकट धरली. अठरा वर्षं ती गोष्ट त्याची होती असं तो समजत होता. तो तिथे होता, त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्याने ते हसत हसत पोराला देऊनही टाकलं होतं. पदराखाली काय होतं ते त्याने पाहिलंच नव्हतं. त्याला आईजवळ जाऊन बसावंसं वाटलं, पण आत आज त्याचं काही काम नव्हतं.

अपेक्षाने हातातली अर्धी घडी पलंगावर ठेवली. मग तिने कपडे बाजूला सारले आणि पलंगावरून खाली, आईच्या पायाशी फरशीवर बसली.

“ठेव,” ती म्हणाली.

“काय?”

“हात. तुहा.”

मनकर्णाबाईंचे दोन्ही हात पदराखाली होते. “नको, बाई. सौभाग्याची हायेस तू. अठरा वर्स मी कोनाले नाई लावला.”

“मी कशी मानू मंग तुह्यं बोलनं? तू आजबी मन राखाले सांगत असशीन. ठेव.”

म्हातारीने दाराकडे पाहिलं. किशोरमागे महादेवराव येऊन उभे होते, त्यांनी खाली मान घातली आणि पेपर वाचायला घेतला. मनकर्णाबाईंनी उजवा हात पदरातून काढला. नुसताच काढला, हवेत धरून ठेवला. मग लेकीच्या डोक्यावर ठेवला आणि दाबला.

अपेक्षाने डोळे मिटले. दाब वाढला तशी तिची मान थोडी खाली गेली.

“हाव,” ती म्हणाली. “हाच होता.”